चाळीस सावल्यांची साक्ष

माणसांना प्रश्न विचारणं त्या काळात जवळजवळ बंदच पडलं होतं. माणूस म्हणजे नसती कटकट. वेळेवर भेटत नाही, भेटला तर भलतंच बोलत बसतो, मध्येच उठून गॅसवरचं दूध बघायला जातो आणि परत येऊन वर आपल्यालाच विचारतो, ‘पण तुम्हाला हे कशाला हवंय?’ सावलीची असली काही भानगड नव्हती. ती केव्हाही हजर असायची, मुद्द्याला धरून बोलायची आणि उलट प्रश्न कधी करायची नाही. त्यामुळे बँका, कंपन्या, सरकारी खाती, सगळेच सावल्यांना विचारायला लागले होते. विद्यापीठं तरी मागं कशी राहणार?

ओवी बिराजदारही सावल्यांनाच विचारत होती. ती मूळची सोलापूरची, पुण्यात पीएच.डी. करत होती. विषय होता महिलांचे घरगुती खाद्योद्योग. हा विषय तिनं हौसेनं निवडला होता, कारण तिची आई महानंदा सोलापुरात बायकांचा बचत गट चालवायची. चाळीसजणी मिळून ज्वारीची कडक भाकरी करायच्या, शेंगाचटणीसोबत पाकिटं भरून विकायच्या. या भाकरीवरच ओवीचं शिक्षण झालं होतं.

सावली म्हणजे काय, हे ओवीला कुणी विचारलं तर ती दोन मिनिटांत समजावून सांगायची. मुळाशी एक मोठं भाषायंत्र. त्याला मराठी येते, व्यवहार कळतो, पण ते कुणीच नसतं. मग ‘चाहूल’ नावाच्या कंपनीची माणसं एखाद्या खऱ्या माणसाकडं जायची, त्याला काही तास बोलतं करायची, त्याच्या परवानगीनं त्याची खरेदी-विक्री, फोन, येणं-जाणं गोळा करायची आणि त्या सगळ्यावरून भाषायंत्रावर एक पातळ थर चढवायची. हा थर म्हणजे त्या माणसाची सावली. पुढं महिन्याभरानं त्याच माणसाला नवे प्रश्न विचारायचे, तेच सावलीलाही विचारायचे. दहातली नऊ उत्तरं जुळली की सावली पक्की ठरली. नाव-गाव झाकायचं आणि सावली भाड्यानं द्यायची.

आणि माणसं कमी पडली तर? त्यावरही तोड होती. पक्क्या सावलीचं वय बदलायचं, गाव बदलायचं, शिक्षण बदलायचं, की झाली दुसरी सावली. एका घरच्या विरजणावर सगळ्या आळीचं दही लागावं, तसे चाळीस बायकांवरून चाळीस हजार बायका तयार व्हायच्या. ह्याला ‘नमुना-विस्तार’ असं भारदस्त नाव होतं.

ओवी तशी काळजीपूर्वक काम करणारी मुलगी. व्यवसायातली माहिती कशी पारखायची, हे पहिल्या वर्षी शिकवलेलं तिनं मनापासून घेतलं होतं. कोण सांगतंय? कशावरून सांगतंय? कधीचं सांगतंय? ते सांगण्यात त्याचा काय फायदा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेच सांगणारं दुसरं कुणी आहे का, ज्याचा पहिल्याशी संबंध नाही? म्हणून सावल्यांची उत्तरं हाती आल्यावर ती तिथंच थांबली नाही. तिनं सरकारी खात्याचा अहवाल काढला, बँकेची पत्रिका काढली, व्यापारी संघाचं वार्षिक काढलं, दोन सल्लागार कंपन्यांचे बाजार-अंदाज मिळवले. सगळ्यांचा सूर एकच. सोलापूर भागातल्या महिला गटांचं उत्तम चाललंय, त्या स्वतःच्या पायावर उभ्या आहेत, त्यांना आता आधाराची गरज नाही. ओवीला कोण आनंद झाला! तिचे मार्गदर्शक डॉ. मंदार टेंभेकर यांनी तर पाठ थोपटली आणि दोघांच्या नावानं शोधनिबंध छापूनही टाकला.

आईचा फोन यायचा तेव्हा ओवी म्हणायची, “आई, तुमचं एकदम जोरात चाललंय गं. माझ्याकडं आकडे आहेत.”

“असतील की,” आई म्हणायची. “तू जेवलीस का?”

एकदा मात्र आई जाता जाता म्हणाली, “शेडचं कायतरी पत्र आलंय बघ. काढून घेणार म्हणालेत. बघू, होईल काहीतरी.” ज्या शेडमध्ये बायका भाकरी करायच्या ती सरकारी होती. ओवी म्हणाली, “असं कसं काढून घेतील? मी बघते.” आणि कामाच्या गडबडीत तिनं काही बघितलं नाही.

मग आली ती दुपार.

ओवी ग्रंथालयात प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होती. तिला वाटलं, आकडे पुष्कळ झाले, एखादा जिवंत किस्सा हवा. म्हणून तिनं प्रश्नावली बाजूला ठेवली, कानाला हेडफोन लावला आणि सावल्यांना एकेक करून आवाजी प्रश्न टाकला. भाकरी बिघडली तर तिचं काय करता?

पहिली सावली, वय पन्नास, अक्कलकोट. ती हसली आणि म्हणाली, “बिघडलेली टाकून कशाला देईन? माझी लेक लहान होती ना, ती काठाकाठानं दात लावून भाकरीचा चंद्र करायची आणि भिंतीला टेकवून ठेवायची. म्हणायची, हा उगवला. मुद्दाम एखादी बिघडवायचे मी तिच्यासाठी.”

ओवीनं ते पुन्हा एकदा ऐकलं. पण असते एखादी दुसरीही पोर, चंद्र करणारी. तिनं दुसरी सावली उघडली. वय पस्तीस, बार्शी. “माझी लेक ना, काठाकाठानं दात लावून…” तिसरी. वय साठ, मोहोळ. “भिंतीला टेकवून ठेवायची.” आणि मग सातवी की आठवी, वय बावीस, अविवाहित, पंढरपूर रोडला राहणारी, कोवळ्या आवाजात लाजत म्हणाली, “म्हणायची, हा उगवला. मुद्दाम एखादी बिघडवायचे मी तिच्यासाठी.”

ओवीनं हेडफोन ओरबाडून काढला. भिंतीला चंद्र टेकवणारी पोर ती स्वतः होती. आणि ही तिची आई होती, सोललेली, वय पुसलेली, नवीन गावं चिकटवलेली. बावीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीच्या तोंडून तिची आई बोलत होती. शी!

मग तिनं जे मुळात करायला हवं होतं ते केलं. खात्याचा अहवाल, बँकेची पत्रिका, संघाचं वार्षिक, दोन्ही बाजार-अंदाज. प्रत्येकाच्या शेवटच्या पानांवरचा बारीक मजकूर तिनं वाचला. माहितीचा उगम: चाहूल. चाहूल. चाहूल. एकानं दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि सगळ्यांच्या तळाशी चाहूल. पाच साक्षीदार म्हणून ज्यांना मिरवलं ते पाचही एकाच बाईचे शब्द घोकून आले होते. आणि हे शेवटचं पान ओवीनं आधी उघडलंच नव्हतं. उत्तरं आवडली की माणूस शेवटचं पान उघडत नाही.

ती दुसऱ्याच दिवशी सोलापूरला गेली.

आई शेडमध्येच होती. भट्टीच्या उबेत दहा-बारा बायका काम करत होत्या, बाकीच्या जागा रिकाम्या. ओवीनं सरळ विचारलं, “आई, चाहूलवाले आले होते का गं इकडं?”

“ते होय!” आईला हसू आलं. “सहा-सात वर्षं झाली की. दोन पोरी आल्या होत्या पुण्याच्या. गोड होत्या हं. चाळीसजणींशी तासन् तास बोलायचं म्हणत होत्या. इथं कुणाला वेळ? पिठात हात सगळ्यांचे. आणि ह्या सगळ्या बुजऱ्या, मशीनसमोर तोंड उघडेनात. मग म्हटलं, द्या इकडं, मीच बोलते सगळ्यांच्या वतीनं.”

“चाळीसजणींच्या?”

“आवाज बदलून बोलले की! लक्ष्मीचा आवाज असा काढला, अशी हसलीय ती.” बाजूच्या लक्ष्मीबाई क्यातम पदर तोंडाला लावून आत्ताही हसल्या. “महिन्यानं परत आल्या पोरी, तेव्हाही मीच बोलले. त्यात काय एवढं? शिक्के, अर्ज, मीटिंग, सगळ्यांचं मीच तर बघते.”

त्यात काय एवढं! म्हणजे परीक्षा देणारीही महानंदा आणि तपासायला बसलेलीही महानंदा. दहातली नऊ काय, दहाच्या दहा उत्तरं जुळणारच होती.

“आणि तू त्यांना सांगितलंस काय? धंद्याचं?”

“बरं चाललंय म्हटलं. अजून काय म्हणणार?”

“बरं चाललं होतं का?”

आईचा चेहरा जरा कडक झाला. “दारात आलेल्या माणसापुढं रडगाणं गायचं का? चार घोट चहा पाजायचा, बरं चाललंय म्हणायचं. पद्धत असते एक.”

आई चहा ओतायला वळली. तिनं किटली डाव्या हातानं उचलली. ओवीनं पाहिलं, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

आई आत गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ओवीला कोपऱ्यात ओढलं. “तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुझ्या आईचा उजवा खांदा गेलाय. वर्ष झालं, भाकरी थापत नाही ती. खांद्याच्या वर हात जात नाही. आम्हाला शपथ घातलीय, पोरीला सांगायचं नाही. अर्ध्याच्या वर बायका अशाच बसल्यात घरी. खात्याकडं मशीन मागितलं थापायचं, तर म्हणाले, तुमचं चांगलं चाललंय, तुम्हाला कशाला? आणि आता हे बघ.”

त्यांनी खात्याची नोटीस पुढं केली. शेड एका मोठ्या फराळ कंपनीला देण्याचा विचार आहे, हरकती असल्यास मांडाव्यात, सुनावणी पुढच्या आठवड्यात. कारण दिलं होतं: महिला गट स्वयंपूर्ण झाल्याचे विद्यापीठीय संशोधनातून सिद्ध. खाली हवाला होता. बिराजदार आणि टेंभेकर.

ओवीला स्वतःच्या नावाची शिसारी आली. आईच्या आवाजाचे चाळीस तुकडे करून चाहूलनं विकले, ते विकत घेऊन ओवीनं निबंध शिजवला, आणि त्या निबंधाची उष्टी पत्रावळ परत आईच्याच पुढ्यात येऊन पडली होती.

पुण्याला परतल्या परतल्या ती टेंभेकर सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच हूं हूं केलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ म्हणून शेवटी एक परिच्छेद टाक.”

“सर, निबंध मागं घ्यायला हवा.”

“मागं?” सर हसले. “अगं, तू सबमिशनला महिन्यावर आलीयस. निबंध मागं घेतलास तर प्रबंधाचं अर्धं अंग गळून पडेल. पुन्हा तीन वर्षं. आणि एका बाईनं चावटपणा केला म्हणून आपण सगळं क्षेत्रच खोटं ठरवायचं?”

“ती बाई माझी आई आहे.”

“मग तर तुझा हितसंबंध आला. तुझं म्हणणं कुणी धरणारच नाही.” सर हे इतक्या मायेनं म्हणाले की ओवीला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला.

त्यांनी चाहूलच्या पुण्यातल्या अधिकारीण बाईंशी तिची गाठ घालून दिली. निलांबरी सबनीस त्यांचं नाव. पडद्यावर बाई छान दिसत होत्या, छान बोलत होत्या.

“ओवी, तुम्ही नाराज आहात हे मी समजू शकते. हवं तर आम्ही त्या सावल्या मागे घेऊ. पण विचार करा, मग त्या भागातल्या बायकांचा आवाज कोण मांडणार?”

“तुम्हाला माहीत होतं?”

बाई अगदी मोकळेपणानं म्हणाल्या, “आमच्या तपासणीत आवाजाचं साम्य दिसलं होतं. पण त्या सावल्यांना मागणी फार आहे हो. सगळ्यात समाधानी उत्तरं त्याच देतात. ग्राहकांना आवडतात.” आणि मग त्या पुढं झुकल्या. “तुमची नजर चांगली आहे. आमच्याकडे याल का? गुणवत्ता विभागात जागा आहे.”

ओवीनं पडदा बंद केला. उत्तर देण्याइतकीसुद्धा त्या बाईची लायकी नव्हती. तिनं त्याच दिवशी निबंध छापणाऱ्या मासिकाला कळवलं की निबंधातली माहिती खोटी आहे, मी माझं नाव काढून घेते. सरांचा फोन आला, तो तिनं घेतला नाही. आता पदवी गेली तर गेली. पण शेड वाचायला हवी होती. आणि त्यासाठी सुनावणीत आईनं खरं बोलायला हवं होतं, बस्स, एवढंच.

सुनावणीच्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून आली. ओवीनं तिला रिक्षात बजावून बजावून सांगितलं होतं, “आई, जे आहे ते सांग. खांद्याचं सांग, बायका घरी बसल्यात ते सांग.” खांद्याचं नाव काढताच आईनं तिच्याकडं एकदा बघितलं.

खात्याचे अधिकारी घुगे म्हणून होते. भला माणूस. उठून उभे राहिले. “या, महानंदाताई, बसा. तुमची भाकरी आमच्या घरी नेहमी असते. चहा घ्या.” सगळ्यांना चहा आला. फराळ कंपनीचा माणूस बाजूला बसला होता, त्यालाही आला. भिंतीवरच्या पडद्यावर सावल्यांची मतं झरझर सरकत होती. चाळीस हजारांपैकी बहुतेकींना शेडची गरज वाटत नव्हती.

ओवी उठली. तिनं सावल्या कशा बनल्या ते सांगितलं, चंद्राची गोष्ट सांगितली, तीन सावल्या ऐकवून दाखवल्या. घुगे चकित झाले. “अरेच्चा! हे तर गंभीर आहे. बरं झालं, खऱ्या बाईच समोर आहेत.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी आपुलकीनं विचारलं, “ताई, तुम्हीच सांगा. कसं चाललंय?”

महानंदाबाईंनी पदर सारखा केला. बशीत कप ठेवला. आणि म्हणाल्या, “बरं चाललंय की साहेब. तुमच्या कृपेनं.”

फराळ कंपनीच्या माणसानं हळूच खुर्चीला पाठ टेकली. ओवीला वाटलं, जमीन फाटली तर बरं. यंत्र चुकलंच नव्हतं. यंत्र तंतोतंत बरोबर होतं. ह्या बाईला विचारलं तर ती काय म्हणेल, ते त्यानं अचूक ओळखलं होतं. फक्त ती जे म्हणते आणि तिचं जे होतं, ह्यातलं अंतर त्याच्या बापाला कळलं नव्हतं. त्याला कशाला दोष द्यायचा? पीएच.डी.वालीला तरी कुठं कळलं होतं!

“आई,” ओवी म्हणाली. “उजवा हात वर कर.”

आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“वर कर ना आई. साहेबांना दाखव.”

“ओवी, बस खाली.”

ओवी गेली आणि चारचौघांसमोर तिनं आईचं मनगट धरून हात उचलला. खांद्याच्या पातळीला यायच्या आतच आई कळवळली. “आई गं!” असा आवाज तिच्या तोंडून निघाला आणि तिनं तो तोंड दाबून अर्ध्यात गिळला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. घुगे अर्धवट उभे राहिले. ओवीनं हात सोडला. आपण केलं ते बरोबर होतं, हे तिला कळत होतं, आणि तरी तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. सावल्या विकणाऱ्यांनी आईचा आवाज घेतला होता. तिनं आईची लाज घेतली होती.

महानंदाबाईंनी डोळे पुसले. लेकीकडं पाहिलं नाही. सरळ साहेबांकडं पाहिलं.

“लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “माझं नाव घालून लिहा. वर्षभर मी भाकरी थापलेली नाही. पंचवीसजणी घरी बसल्यात. शांताबाईची बोटं मिटत नाहीत. शेड गेली तर उरलेल्याही जातील. आणि ह्या मशीनमधल्या बाईला मी ओळखत नाही, तिचं काय ऐकू नका.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण त्या थांबल्या नाहीत. एकेक नाव घेऊन सांगत राहिल्या, आणि घुगे स्वतः लिहीत राहिले. पडद्याकडं कुणीच बघत नव्हतं.

निकाल लगेच लागला नाही. शेडचा निर्णय थांबवला, घरोघर माणूस पाठवून चौकशी करायची, असं ठरलं. फराळ कंपनीचा माणूस चरफडत निघून गेला.

परतीच्या रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. सात रस्त्याचा चौक आला, गेला. शेवटी ओवी म्हणाली, “चुकलं माझं. असं सगळ्यांसमोर करायला नको होतं.”

“ते सोड,” आई म्हणाली. “खांद्याचं तुला लक्ष्मीनं सांगितलं ना?”

“हो.”

“आणि मशीनमधल्या त्या बाईला तू किती प्रश्न विचारलेस म्हणालीस?”

“पुष्कळ.”

“तिला विचारलंस. लक्ष्मीला विचारलंस. साहेबासमोर माझा हात ओढलास.” आता आईनं मान वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ओवीला सोसवेना. “मला विचारलंस का गं एकदा तरी, आई, कुठं दुखतंय म्हणून?”

रिक्षा सिग्नलला थांबली. ओवीनं आईचा उजवा हात, अगदी अलगद, स्वतःच्या मांडीवर घेतला.

“कुठं दुखतंय, आई?”

आई डाव्या हाताचं बोट खांद्याच्या मागं नेऊन म्हणाली, “इथं. आणि रात्री कुशीवर वळलं की पार इथपर्यंत.”